राणीच्या गळ्याची खळ आणि परटिणीचे हात

पहिल्या एलिझाबेथ राणीचे १५८० नंतरचे कोणतेही एक चित्र पाहावे. मोती, भरतकाम, हातातला पंखा यांच्या आधी नजर जाते ती गळ्याभोवतीच्या त्या पांढऱ्याशुभ्र चक्राकडे. इंग्रजीत त्याला ‘रफ’ म्हणत. शेकडो चुण्या घातलेल्या तलम कापडाची ही गळपट्टी गाडीच्या चाकासारखी आडवी आणि ताठ उभी राहते, आणि तिच्यावर राणीचे मस्तक तबकात ठेवल्यासारखे दिसते. दरबारी, व्यापारी, वकील, त्यांच्या बायका, ऐपत असलेला प्रत्येकजण ती घालत असे.

आता एक साधा प्रश्न. लिननचे तलम कापड मुळात लुळे. मग ते असे ताठ उभे राहते कसे?

उत्तर आपल्या घरातलेच आहे. खळ. सुती साडीला, धोतराला, सदऱ्याला आपल्याकडे जी खळ देतात, तीच. पिष्ठमय पदार्थ पाण्यात शिजवायचा, त्यात कापड बुडवायचे, पिळायचे, अर्धवट सुकले की गरम इस्त्रीने घडी बसवायची. इंग्लंडमध्ये ही खळ मुख्यतः गव्हापासून होई. पण एक खळ अशीही होती जी शेतात पिकत नसे. ती कुंपणांच्या सावलीत आणि ओलसर रानात आपोआप उगवणाऱ्या एका कंदापासून काढत, ती सर्वांत शुभ्र मानली जाई, आणि ती वापरणाऱ्या स्त्रियांचे हात सोलून निघत.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ‘अरम मॅक्युलेटम’. युरोपभर आढळणारी, सुरण-अळूच्या कुलातली. वसंत ऋतूत बाणाच्या टोकासारखी हिरवीगार पाने वर येतात, पुष्कळदा त्यांवर काळसर जांभळे ठिपके असतात. एप्रिल-मे महिन्यांत फिकट हिरव्या रंगाचे एक मोठे छद उलगडते आणि त्यातून जांभळट दांडा डोकावतो. खरी फुले या दांड्याच्या तळाशी, छदाच्या फुगीर पोटात दडलेली असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पाने गळून जातात आणि उरतो तो नुसता देठ, त्यावर मक्याच्या कणसासारखी दाटीने बसलेली लालभडक, विषारी फळे. जमिनीखाली असतो लहानसा कंद.

हा दांडा चक्क तापतो. अरम वंशाच्या फुलोऱ्यातली ही उष्णता लामार्कने १७७८ मध्ये नोंदवली. उत्क्रांतीच्या कल्पनेसाठी पुढे गाजलेला तोच लामार्क. तापलेला दांडा शेणमुतासारखा वास हवेत पसरवतो, त्या वासाने चिलटे येतात, छदाच्या पोटात घसरतात, आणि खाली वळलेल्या केसांमुळे त्यांना एक रात्र तिथेच अडकून पडावे लागते. सकाळी परागकण अंगावर घेऊन त्यांची सुटका होते. पण हे सारे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचे. खेड्यातल्या माणसाला त्या फुलोऱ्याचा आकारच पुरेसा बोलका होता, आणि त्याने नावेही तशीच दिली. ‘कक्कू-पिंट’ या नावातला ‘पिंट’ हा पुरुषलिंगाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अवशेष आहे. दुसरे नाव ‘लॉर्ड्स-अँड-लेडीज’, म्हणजे सरदार आणि त्यांच्या स्त्रिया. त्याची व्युत्पत्ती सभ्य मंडळी जांभळ्या आणि फिकट दांड्यांच्या रंगांवरून सांगतात. पानांवरच्या ठिपक्यांवरून ख्रिस्ताच्या क्रुसाशी नाते जोडणारी कथाही होती: झाड क्रुसाखाली उगवले होते आणि रक्ताचे थेंब पानांवर पडले. एकाच झाडाला अश्लील आणि पवित्र अशी दोन्ही नावे देणाऱ्या समाजाने त्याला एक तिसरे, अगदी कामाचे नावही दिले होते. ‘स्टार्चवर्ट’, म्हणजे खळीचे झाड.

रफची गोष्ट मात्र झाडापासून नव्हे, सदऱ्याच्या गळ्यापासून सुरू होते. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती गळ्याच्या नाडीमुळे पडणारी छोटीशी झालर होती. मग ती सदऱ्यापासून सुटी झाली आणि वाढत गेली. ती इतकी वाढली की खाली तारेचा आधार द्यावा लागे. प्रश्न कौशल्याचा होता. इंग्लंडमध्ये हे काम नीट जमणाऱ्या स्त्रिया नव्हत्या. जॉन स्टोच्या बखरीला पुढे एडमंड हाउझने जी भर घातली, तिच्यात याविषयी फार सुंदर माहिती आहे. राणीच्या डच सारथ्याची पत्नी ही राणीची पहिली खळ देणारी. आणि १५६४ मध्ये डिंगेन व्हान डेर प्लासे नावाची फ्लेमिश स्त्री नवऱ्यासह लंडनला आश्रयाला आली आणि तिने खळ देण्याची उघड शिकवणीच सुरू केली. कापडाला खळ कशी द्यावी हे शिकवण्याचे ती चार-पाच पौंड घेई, खळ कशी शिजवावी हे शिकवण्याचे वेगळे वीस शिलिंग. त्या काळी हा पैसा साध्या कारागिराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतका होता. तरीही खानदानी घरे आपल्या मुलींना तिच्याकडे पाठवीत. निर्वासित बाईने परदेशात येऊन केवळ हातातल्या विद्येवर श्रीमंत व्हावे, हे त्या शतकात रोज घडणारे नव्हते.

कामही सोपे नव्हते. खळीत बुडवलेले कापड तळहातांवर चोळून, दोन हातांमध्ये थापटून त्यातली खळ सारखी पसरवावी लागे. मग ओलसर असतानाच एकेक चुणी गरम सळईभोवती वळवून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी बसवायची. या सळया आधी लाकडाच्या किंवा हाडाच्या असत, १५७० च्या दशकात पोलादाच्या आल्या. एवढे करून रस्त्यात पाऊस आला की सारे चक्र भिजलेल्या पोळीसारखे खांद्यावर लोळे. इंग्लंडात पाऊस कधी येईल हे सांगावे लागत नाही. प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा तेच काम, त्याच हातांनी.

धर्मनिष्ठांना हे पाहवत नव्हते. फिलिप स्टब्ज याने १५८३ मध्ये समाजातल्या दुराचारांवर लिहिलेल्या ग्रंथात खळीला सरळ सैतानाची करामत ठरवले. अँटवर्पच्या एका श्रीमंत मुलीची गोष्ट तो सांगतो. लग्नाला जायचे असते, कोणत्याच परटिणीने बसवलेली रफ तिच्या मनास येत नाही, ती रागाने सैतानाची शपथ घेते. तेवढ्यात एक देखणा तरुण दारात येतो, रफ अप्रतिम बसवून देतो, तिचे चुंबन घेतो आणि तिची मान मोडतो. शवपेटी चार धट्ट्याकट्ट्यांना उचलेना. उघडून पाहतात तो आत प्रेत नाहीच, एक काळे मांजर बसून रफला चुण्या घालते आहे! स्टब्जला श्रीमंतांचा अहंकार दिसला, खळ दिसली, सैतानही दिसला. गोष्टीतल्या परटिणी मात्र केवळ नापास होण्यापुरत्या येतात आणि जातात.

त्या परटिणींविषयीचे एक महत्त्वाचे वाक्य सापडते ते वेगळ्याच ठिकाणी, वनस्पतींच्या ग्रंथात. जॉन जेरार्ड हा लंडनचा न्हावी-शल्यवैद्य आणि बागांचा शौकीन. राणीचा सर्वांत प्रभावी मंत्री विल्यम सेसिल, म्हणजे लॉर्ड बर्ली, याच्या बागांची देखरेख तो करी. १५९७ मध्ये त्याने आपला प्रचंड ‘हर्बल’ प्रसिद्ध केला आणि तो बर्लीलाच अर्पण केला. त्यात कक्कू-पिंटच्या नोंदीत तो सांगतो की सर्वांत शुद्ध आणि पांढरी खळ याच्या मुळांपासून होते, पण ती हाताळणाऱ्या परटिणीच्या हातांना ती अत्यंत घातक असते. हात फुटतात, फोड येतात, कातडी खरबरीत होते आणि आग आग होत राहते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जेरार्डवर विश्वास ठेवायचा का? हा माणूस तसा भरवशाचा नाही. रेम्बर्ट डोडोन्सच्या ग्रंथातून त्याने सढळ हाताने उचल केली, आणि ती कबूल करताना हात आखडता घेतला, हा आरोप जुना आहे. त्याच्या ‘हर्बल’च्या शेवटी बदके फळांसारखी लगडणारे एक झाड आहे, आणि ते आपण स्वतः पाहिल्यासारखा त्याचा आव आहे. कक्कू-पिंटच्याच संदर्भात तो हिवाळाभर गुहेत पडून राहिलेली अस्वले बाहेर येताच हे झाड खातात, ही प्राचीन ग्रीकांपासून चालत आलेली कथा पुन्हा सांगतो. मग परटिणीचे हात हीही अशीच एक ऐकीव गोष्ट समजावी का?

इथे वनस्पतीच साक्षीला येते, आणि ही साक्ष मराठी वाचकाला वेगळी समजावून द्यावी लागत नाही. अळू चिरताना हात खाजतात. सुरण चिरताना बायका हाताला तेल किंवा चिंच लावून घेतात. पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे-पालघरच्या बाजारात रानातून शेवळे येतात. तीही याच कुलातली. त्यांच्या भाजीत आंबट काकडे घातली नाहीत किंवा ती नीट शिजली नाहीत तर घसा धरतो. या कुलातल्या असंख्य वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक जुड्याजुड्यांनी भरलेले असतात. पेशी फुटली की या सुया कातडीत किंवा जिभेत घुसतात आणि त्यांच्या वाटेने वनस्पतीतली इतर दाहक द्रव्येही आत शिरतात. अरम मॅक्युलेटमचा कंद या बाबतीत अळूच्या कितीतरी पुढे आहे. कच्चा तुकडा चाखणाऱ्याची जीभ सुजते.

आता त्या कामाची कल्पना करावी. कंद उकरणे, खरवडणे, कुटणे, पाण्यात कालवून गाळणे, तळाशी बसलेला पांढरा गाळ वेगळा करणे. वारंवार धुतले, नीट सुकवले, पुरेसे शिजवले तर दाह पुष्कळ कमी होतो. पण धुण्यात थोडी घाई झाली, गाळ पुरता निवळला नाही, तर त्या सुया पिठाबरोबरच राहणार. आणि मग तेच पीठ ओल्या कापडातून तळहातांवर चोळायचे, थापटायचे, पुन्हा पुन्हा. ज्या हातांची कातडी धुण्याच्या तीव्र क्षारांनी आणि गार पाण्याने आधीच भेगाळलेली, त्याच हातांवर. जेरार्डची बदके खोटी असली तरी परटिणीचे फोड खरे मानायला काहीही हरकत नाही. साधनाची विश्वासार्हता ग्रंथागणिक नव्हे, विधानागणिक तपासावी लागते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

तरी ही खळ वापरावीशी का वाटे? शुभ्रता हे एक कारण झाले. दुसरे कारण १५९७ या वर्षातच आहे.

१५९४ ते १५९७ अशी सलग चार वर्षे इंग्लंडमध्ये पिके बुडाली. पाऊस थांबेना, धान्याचे भाव भडकले, गरीब उपाशी मरू लागले. १५९६ मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये काही हताश माणसांनी बंडाचा कट केला आणि त्यांना फासावर जावे लागले. अशा वेळी गहू दिवसेंदिवस पाण्यात कुजवून त्यातून श्रीमंतांच्या गळपट्ट्यांसाठी खळ काढणे हा उघड अन्याय होता. राणीच्या मंत्रिमंडळाने टंचाईच्या काळात खळ करणाऱ्यांवर निर्बंध घातले. ते फारसे पाळले गेले नाहीत. फॅशन आणि भूक यांच्या झगड्यात सरकारी हुकूम सहसा मधल्या मध्ये विरतो. रानातल्या कंदाला मात्र हा दोष लागत नव्हता. तो कुणाच्या ताटातला नव्हता. त्याची किंमत पोटाने नव्हे, हातांनी मोजली जाई.

अर्थात गव्हाची जागा तो कधीच घेऊ शकला नाही. कंद लहान, झाड सावकाश वाढणारे, रानोमाळ फिरून उकरायचे. लंडनच्या हजारो गळ्यांना पुरेल एवढी खळ त्यातून निघणे शक्य नव्हते. म्हणून गव्हाच्या खळीचा धंदा वाढतच गेला, आणि जिथे धंदा तिथे दरबारी मक्तेदार. खळ करण्या-विकण्याचे हक्क राणीने मर्जीतल्या माणसांना सनदेने दिले. शतकाच्या अखेरीस ही सनद सर जॉन पॅकिंग्टन याच्याकडे होती. मक्त्याने भाव चढले, तपासनीस घरोघर शिरू लागले, लोक चिडले.

१६०१ च्या पार्लमेंटमध्ये या सर्व मक्त्यांवर आग पाखडण्यात आली. सभागृहात मक्त्यांची लांबलचक यादी वाचली जात असताना विल्यम हेकविल नावाच्या तरुण वकिलाने उठून विचारले की यात पाव नाही का? सभासद चमकले. तो म्हणाला, आज नसला तरी वेळीच आवरले नाही तर पुढच्या पार्लमेंटपर्यंत तोही येईल. राणीने माघार घेतली. मीठ, व्हिनेगर, खारवलेली मासळी यांच्यासह खळीचीही सनद रद्द झाली. हे सभागृहाला कळवताना रॉबर्ट सेसिलने, जेरार्डच्या आश्रयदात्याच्या मुलाने, थोडी थट्टाही केली: ज्यांना रफ घालून नटायचे त्यांना आता ते स्वस्तात साधेल.

खळ स्वस्त झाली. महाग होती तेव्हा चर्चा पैशाची झाली, टंचाईत चर्चा धान्याची झाली, स्टब्जच्या ग्रंथात चर्चा पापाची झाली. त्या काळच्या कागदपत्रांत खळ जागोजागी सापडते. ती कालवणारा हात ‘हर्बल’मधल्या एका नोंदीत सापडतो, तोही झाडाचा अवगुण सांगण्याच्या ओघात.

जेम्स राजाच्या काळात खळीला रंग चढला. केशराने पिवळी केलेली खळ लंडनमध्ये गाजली आणि तिचे नाव अॅन टर्नर या स्त्रीशी जोडले गेले. सर टॉमस ओव्हरबरीच्या विषप्रयोगाच्या खटल्यात १६१५ मध्ये तिला टायबर्नला फाशी झाली. न्यायाधीशाने तिला पिवळी रफ घालूनच फाशी देण्याचा हुकूम केला अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पिवळ्या खळीची शोभा त्यानंतर ओसरली. पुढच्या दोन दशकांत इंग्लंडमध्ये रफच मागे पडली आणि खांद्यावर सपाट पडणाऱ्या गळपट्ट्या आल्या. हॉलंडमध्ये ती आणखी काही काळ टिकली. रेम्ब्रांच्या तरुणपणीच्या चित्रांतले व्यापारी अजून तिच्यात मान ताठ करून बसलेले दिसतात.

कंदाची कथा मात्र इथे संपत नाही. दोनशे वर्षांनी तीच परिस्थिती जवळजवळ जशीच्या तशी परतली. अठराव्या शतकाच्या अखेरीस गळ्याची जागा डोक्याने घेतली होती. केसांवर, टोपांवर उधळण्याची पांढरी पावडर पिष्ठाचीच असे, पुष्कळदा गव्हाच्या. १७९५ मध्ये फ्रान्सशी युद्ध चालू असताना पीक बुडाले, पावासाठी दंगली उसळल्या, आणि त्याच वर्षी पंतप्रधान पिटने केसांच्या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसवला. अन्नाला धक्का न लावता खळ कशी मिळवावी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. १७९६ मध्ये लॉर्ड विल्यम मरे याने घोडचेस्टनटच्या बियांपासून खळ काढण्याचे पेटंट घेतले. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने अखाद्य वस्तूपासून स्वस्त खळ करणाऱ्याला इनाम जाहीर केले होते.

ते इनाम १७९७ मध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावरच्या एका स्त्रीला मिळाले. तिचे नाव जेन गिब्ज. तिने खळ काढली होती अरमच्या कंदांपासून.

पोर्टलंड हे खरे तर दगडांसाठी प्रसिद्ध. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल याच बेटाच्या पांढऱ्या दगडातून उभे राहिले. पण बेटावरच्या शेतांत आणि बांधांवर अरमही मुबलक उगवे. पुरुष खाणीत, आणि गरीब घरांतल्या बायका कंद उकरून, कुटून, गाळून, उन्हात सुकवून पीठ करणार. हे पीठ ‘पोर्टलंड सॅगो’ किंवा ‘पोर्टलंड ॲरोरूट’ या नावाने विकले जाई. कापडाच्या खळीसाठी, आणि नीट धुऊन सुकवल्यावर आजाऱ्यांच्या पेजेसाठीसुद्धा. ॲरोरूट खरे म्हणजे कॅरिबियन बेटांवरचे. त्याचे नाव घेतले की मालाला भाव येई. एकोणिसाव्या शतकात बटाट्याचा आणि मक्याचा स्टार्च कारखान्यांतून स्वस्तात येऊ लागला, खरे ॲरोरूटही भरपूर मिळू लागले, आणि पोर्टलंडच्या बायकांचा हा धंदा हळूहळू थांबला.

डिंगेन व्हान डेर प्लासेचे नाव उरले कारण ती चार पौंड घेई. जेन गिब्जचे उरले कारण तिला इनाम मिळाले. खाजरा कंद पिठात बदलण्याची कृती मात्र या दोघींच्या मधल्या दोन शतकांत कुणीतरी कुणालातरी दाखवत आलेच असणार. अरम आजही पोर्टलंडच्या आणि साऱ्या इंग्लंडच्या कुंपणांखाली उगवते. ऑगस्टमध्ये त्याची लाल फळे दिसू लागली की आईबाप मुलांना हात लावू नका म्हणून बजावतात.